पाडलेलं जाळं

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला ऐंशीच्या दशकातली आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. देशभरातल्या संशोधकांना प्रयोग करता यावेत म्हणून शहराशहरांतले संगणक टेलिफोनच्या तारांनी जोडले जात होते. त्यातली एक तार मिळवण्यासाठी पाटीलसरांनी किती खेटे घातले होते! त्या दिवशी माझ्या नव्या प्रोग्रामने संगणकांचं ते जाळंच बंद पडेल, या भीतीने माझं बोट कीबोर्डवर अडलं.

"दाब की. मोडून बघायलाच बांधलंय हे," सर म्हणाले.

मी दाबलं आणि जाळं बंद पडलं. लगेच जाळ्याला जोडलेल्या पुण्याच्या केंद्रातून फोन आला.

"व्हय, आमच्या पोरीनं पाडलंय. का पडलं, तीच सांगंल," म्हणत सरांनी फोन माझ्या हातात दिला. हजेरीलाही अडखळणारी मी बोलत राहिले.

तेव्हा सर मला अगदी निर्धास्त वाटले होते. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, त्याचा अर्थ आता कळतो.