सातशे अंशांचा हिरवा

गार्नेट, आम्ही प्रयोगशाळेत बनवतो ते चुंबकी संयुग, जमलं की भुकटी हिरवी निघते. वाळवून कुटलेल्या मेंदीसारखी, जराशी पिवळसर. नाही जमलं तर विटकरी. पक्का पुरावा क्ष-किरणांच्या आलेखातून मिळतो, पण तो आम्हाला नांदेडहून यायचा, तिथं नंबर लागला की. तोवर डोळ्यांना दिसेल ते खरं. इतक्या वर्षांनंतरही फर्नेसचं, म्हणजे विजेच्या भट्टीचं, दार उघडल्यावर आत हिरवं दिसलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तसा मी बोलणारा माणूस नाहीच. जे बोलायला हवं होतं तेही सोळा वर्षं बोललो नाही. ते आज लिहितोय.

इट्रियम नावाचा धातू, लोखंड आणि ऑक्सिजन, एवढाच या गार्नेटचा शिधा. इट्रियम आणि लोखंडाचे क्षार पाण्यात विरघळवायचे, सायट्रिक आम्ल घालायचं, अमोनियाचे थेंब सोडायचे आणि मंद आचेवर ढवळत बसायचं. पाणी आटतं, द्रावण काकवीसारखी तार धरतं, मग फुगतं. आणि एका क्षणी, कुणी काडी न लावता, कडेला ठिणगी पडते आणि चालत चालत सगळ्या भांड्यात फिरून येते. मागे तपकिरी राख उरते, बोट लावलं तर बसून जाईल इतकी हलकी. ती खलात घोटायची आणि फर्नेसमध्ये ठेवायची. तिथं त्या राखेतले अणू आपापली जागा शोधतात. लोखंडाच्या दर पाच अणूंमधले तीन एका दिशेला चुंबक होऊन उभे राहतात, दोन बरोबर उलट्या दिशेला. दोनाला दोन फिटतात, आणि उरलेल्या एकाच्या जोरावर सगळी भुकटी लोहचुंबकाकडे धावते. वर्गात हे सांगताना मुलं खाली मान घालून लिहून घेतात. माझ्या अंगावर मात्र दर वेळी काटा येतो. म्हटलं तर गंजाचाच भाऊबंद, पण हिरवा! रडारमध्ये बसतो, मोबाइलच्या टॉवरमध्ये बसतो. लहरीला पुढे जाऊ देतो, मागे फिरू देत नाही.

माझी पीएचडी यावरच. लातूरच्या कॉलेजात शिकवता शिकवता केली. हे गार्नेट निर्भेळ मिळवायला इतरांना नऊशेच्या आसपास जावं लागायचं. माझ्या फर्नेसमध्ये ते सातशे अंशांना निघालं. कमी तापमानाला निघालं की कण बारीक राहतात, वीजही वाचते. शोधनिबंधाच्या शीर्षकातच सातशेचा आकडा होता. तो स्वीकारल्याचं पत्र आलं, त्याच आठवड्यात मामा माझ्याशी बोलले.

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. चाकूरकडचे. कॉलेजात लागण्याआधी वीटभट्टीवर आग सांभाळायचं काम करायचे. त्या दुपारी त्यांनी उजेड अडवायला खिडक्या लावून घेतल्या, फर्नेसच्या दारावरच्या भोकाचं झाकण सरकवलं आणि एक डोळा मिटून आत बघितलं.

“सर, आकडा खोटं बोलायलाय.”

“काय झालं?”

“सातशे दाखवायलाय. सातशेला भट्टी तांबडी अस्ती, काळपट तांबडी. ही केशरी हाय. बघा की.”

“मामा, हे मशीन आहे. तुमची वीटभट्टी नाही.”

“हाव, मशीनच हाय. पर आग तर तीच हाय न्हं?”

मी वाकून बघितलं. आत राखेची मूस, म्हणजे क्रुसिबल, कुठलं आणि भिंत कुठली, काही कळत नव्हतं. कडा विरघळून गेल्या होत्या. सगळंच एका केशरी उजेडाचं झालं होतं. मी किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक. मामा मला आगीतलं काहीतरी दाखवत होते, आणि मी फक्त दिपून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पदार्थविज्ञान विभागातून दुसरं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, मागून आणली. तिचा आकडा नऊशेच्या जरा अलीकडे थांबला. फर्नेस थंड झाल्यावर आत हात घातला. माझे प्रयोग सुरू होण्याआधी इमारतीला रंग देताना फर्नेस सरकवली होती, तेव्हा जुनी तार मागे गेली होती आणि तिचं टोक भिंतीच्या विटेत रुतलं होतं. ती आतल्या आगीचा नाही, कमी तापलेल्या विटेचा आकडा दाखवत होती. मी ती नीट केली. तीच राख खऱ्या सातशेला भाजली. विटकरी निघाली. मी ती सिंकमध्ये ओतली आणि नळ सोडला.

“कसं निघालं, सर?” मामांनी विचारलं.

“ठीक आहे,” म्हणालो.

नियतकालिकाला एक पत्र लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. पदवी, बढती, गाईड म्हणून मान्यता, सगळं त्या सातशेवर उभं राहिलं.

दीड वर्षापूर्वी एक मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे आली. रेणापूरकडची, घरची शेती, उदगीरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. नांदेडला पीएचडी करत होती. माझं सातशेचं गार्नेट आधी बनवायचं आणि मग त्यात थोडा बिस्मथ मिसळून बघायचा, असा तिचा विषय. पहिल्याच पायरीवर ती अडकली होती. पिशवीतून एकेक छोटी बाटली काढून तिनं माझ्या टेबलावर मांडली. अकरा बाटल्या. सगळ्या विटकरी.

“सर, काय चुकायलंय माझं?”

मी म्हणालो, पीएच तपास. पुढच्या वेळी म्हणालो, सायट्रिक आम्लाची नवी बाटली फोड. त्याच्या पुढच्या वेळी, ढवळणं हळू कर. दर वेळी ती तारीख घालून वहीत लिहून घ्यायची आणि नव्या विटकरी बाटल्या घेऊन परत यायची. जुनं गप्प बसणं मी स्वतःला कसंतरी समजावू शकतो, भीती होती म्हणून. हे नाही समजावता येत.

गेल्या महिन्यात ती रिकाम्या हातानं आली.

“नोंदणी रद्द करायचा अर्ज लिहिलाय, सर. गाईड म्हणतात, तुझ्या हाताला वळणच नाही. असेलही. तुमच्या हातून झालं, माझ्या होत नाही. तुम्ही एवढं सांगितलंत, म्हणून आभार मानायला आले.”

चहा पुढ्यात तसाच राहिला माझा.

“अर्ज एवढ्यात देऊ नकोस,” म्हणालो. “रविवारी तुझी राख घेऊन ये.”

रविवारी मी मामांनाही बोलावलं. निवृत्त झालेत, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी नव्या फर्नेसवर आकडा लावला तशी ती म्हणाली, “सर, नऊशे?”

“हो.”

दुपारी आग चढल्यावर मामांनी पूर्वीसारख्याच खिडक्या लावल्या आणि झाकण सरकवलं. “या माय, बघा.”

ती वाकली. एक डोळा मिटून आत बघितलं. मग हळूच म्हणाली, “क्रुसिबल दिसेनाच की आतलं. नुसता उजेड आहे.”

“केशरी झालं की असंच अस्तंय. ध्यानात ठिवा. सरांची हीच आग व्हती.”

ती सरळ झाली आणि माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. तार, वीट, सिंक, सगळं.

“कधीपासून माहीत होतं?”

“तू यायच्या खूप आधीपासून.”

“म्हणजे पीएच तपास म्हणालात...”

“तेव्हाही.”

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, “मला वाटलं, तुमी कवाच लिहून कळवलं असंल.”

संध्याकाळी फर्नेस निवल्यावर ती आत आली. दार तिनंच उघडलं, क्रुसिबल खिडकीशी उजेडात नेलं. हिरवं. मी जन्मात पाहिलेलं सगळ्यात नितळ हिरवं. तिनं चिमूटभर भुकटी कागदावर घेतली आणि कागदाखाली लोहचुंबक धरला. भुकटी थरारली आणि उभी राहिली, कोवळ्या गवताच्या पात्यांसारखी. चुंबक सरकवला की सगळं रान त्या बाजूला वळे.

“आगं माय!” कॉलेजातली भाषा विसरून ती म्हणाली.

आम्ही तिघं कागदावर वाकून बघत राहिलो. तेवढा वेळ कुणी कुणाचा अपराधी नव्हता, असं मला वाटलं. तिला तसं वाटलं नसावं.

“सर, माझ्या गाईडना फोन लावा. आत्ता. स्पीकरवर.”

“मी उद्या विद्यापीठाला पत्र लिहितो, नियतकालिकालाही...” (ती पत्रं नंतर गेली.)

“लिहाच. पण माझ्या हाताला वळण नाही, हे ते मला सगळ्यांसमोर बोललेत.”

मी नंबर लावला. मामांनी पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून.

“हां, बोला सर, आज रविवारी कशी आठवण झाली?” नांदेडहून आवाज आला.

तिनं कागद आणि चुंबक तसाच धरला होता. भुकटी अजून उभी होती. मी तिच्याकडं बघत बोलायला लागलो.