सात मजले आणि बुटका शेजारी

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे माझ्या गच्चीवर चहा पीत बसलो होतो. माझा शेजारी माझ्या खांद्यालाही लागत नाही, पण बोलणार फक्त उंचीवर. देवपुरात आमच्या गल्लीतली घरं बैठी, फार तर एकमजली. कोपऱ्यावर बिल्डर सात मजले चढवणार असं कळल्यापासून याला झोप नाही. मजले तो हाताने दाखवतो. तिसऱ्याला टाचा उचलतो, पाचव्याला उडी मारतो. त्या दिवशी सातव्यासाठी माझ्या खाटेवरच चढला. तापला की अहिराणीवर घसरतो.

"आबा, तीन मजला बस! सात झाले तर तुमच्या गच्चीवर सकाळचं ऊन येणार नाही. ऊन काय त्याना बापनं शे का? उद्या बिल्डर गल्लीत संमती विचारायला येतोय. तुम्ही हरकत घ्या."

मी सरळ सांगितलं, "या खाटेवर बिबड्यांचे पापड वाळवायची ती माझी बायको. ती दिवाळीत गेली. आता ऊन घेऊन काय करू? मी बोलणार नाही."

तो खाटेवरून उतरला आणि अर्धा चहा तसाच ठेवून घरी गेला.

सकाळी वर आवाज आला म्हणून गेलो. लागून असलेल्या गच्चीवरून शेजारी आणि त्याची बायको इकडे आले होते आणि माझ्या खाटेवर धोतर अंथरून ज्वारीचे बिबडे थापत होते.

"हे काय मांडलंय?"

"ऊन वापरात शे, आबा. आते बोला बिल्डरले."

वर माझ्याच हातात काठी दिली, मला कावळे हाकलायला बसवलं आणि स्वतः चहा प्यायला निघून गेला.