चाराने भाग न जाणारी नाडी

माझ्या नणंदेला घरात सगळे ‘मिनिट’ म्हणत. हे नाव ठेवलं माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने. ती मोठ्या इस्पितळात नर्स होती आणि कुणाचीही नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. बाकीच्या सिस्टर पंधरा सेकंद मोजून चाराने गुणत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. अडतीस खाटांना दोन सिस्टर, त्यातली एक औषधांच्या ट्रॉलीमागे अडकलेली, मग माणूस करणार काय? मी गणित घेऊन पदवीधर झालेली, मला तर तीच पद्धत शहाणपणाची वाटे. एकदा मी तिला हिशेबच करून दाखवला. अडतीस खाटा, प्रत्येकी पाऊण मिनिट जास्त, म्हणजे एका फेरीत तू जवळजवळ अर्धा तास फुकट घालवतेस.

ती म्हणाली, तेवढा वेळ पेशंट गप्प असतो, म्हणून त्याचा चेहरा नीट बघून होतो. ओठ सुकलेत का, डोळे खोल गेलेत का, कालच्यापेक्षा आज भिंतीकडे जास्त बघतोय का.

ही सवय तिला शिकतानाच लागली होती. त्यांच्या शिकवणाऱ्या बाईंनी एक दिवस वॉर्डातले सगळे तक्ते गोळा करून वर्गात आणले आणि विचारलं की या वॉर्डातल्या सगळ्या नाड्यांना चाराने भाग कसा जातो? बहात्तर, ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पुन्हा बहात्तर. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एकेका मुलीला जवळ बोलावलं, तिचं मनगट हातात धरलं आणि मिनिटभर नाडी मोजली. तीस मुली, तीस मिनिटं. मिनिट सांगायची की त्याआधी तिला इतका वेळ कुणी हातात हात धरून बसलंच नव्हतं. घरी सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ‘लोकांची भांडी उचलायला निघालीस’ म्हणून तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या दिवसापासून तिच्या तक्त्यावर एकाहत्तर, त्र्याऐंशी, सत्त्याण्णव असले ओबडधोबड आकडे दिसू लागले.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

माझ्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि तो तिच्याच वॉर्डात आला. नात्यातल्या पेशंटकडे त्या सिस्टरने जायचं नाही, दुसरीने बघायचं, असा तिथला नियम होता. मला हे अजिबात पटलं नाही. सख्खी बहीण दहा पावलांवर उभी असताना माझ्या नवऱ्याला परकीने का बघावं? मी तडक मेट्रनच्या खोलीत गेले. मला बोलता चांगलं येतं आणि मी लवकर उठत नाही. अर्ध्या तासात मेट्रन कंटाळल्या, आणि नऊ नंबरची खाट मिनिटकडे आली.

तिने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. इस्पितळात ती माझ्याशी फार बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली.

“वहिनी, हे करायला नको होतं. तो माझा दादा आहे. माझा हात हलेल.”

मी म्हटलं, तुझा हात अडतीस जणांवर हलत नाही, तो सख्ख्या भावावर बरा हलेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्याजवळ आली. मी खाटेच्या या बाजूला, आणि माझ्या तोंडाचा पट्टा चालू: ताप आहे का, रंग उतरलाय ना, डॉक्टर कधी येणार? नवरा पांढराफटक पडला होता, तरी थट्टा सोडवत नव्हती. “काय मिनिटबाई, आहे का अजून चालू?” असं म्हणून त्याने मनगट पुढे केलं. तिने ते धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि लगेच सोडलं. तक्त्यावर शहात्तर लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. मला हायसं वाटलं. शहात्तर म्हणजे उत्तम.

वीस मिनिटांनी ती परत आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने मला हाताने गप्प राहायची खूण केली आणि त्याचं मनगट पुन्हा धरलं. या वेळी पूर्ण मिनिट. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो हळूहळू कोरा होत गेला, तसा मी तो कधीच पाहिला नव्हता. नाडी मधेमधे ठोका गाळत होती. वीस-पंचवीस ठोके सरळ, मग एक गायब. ती धावली नाही, पण डॉक्टर दोन मिनिटांत खाटेशी होते. रक्तातले क्षार घसरले होते. सलाईनमध्ये औषध चढलं आणि संध्याकाळपर्यंत ठोके जागेवर आले. नवरा पुढे अकरा वर्षं जगला आणि अकरा वर्षं तिला चिडवत राहिला.

पण त्या दुपारी तिने आणखी एक गोष्ट केली. तक्त्यावरच्या शहात्तरवर एक सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: ‘पूर्ण मिनिट मोजले नाही.’ खाली सही. मग मेट्रनकडे जाऊन सांगितलं की नऊ नंबर माझ्याकडून काढून घ्या.

त्या महिन्यात ती वॉर्डची इनचार्ज व्हायची होती. ते दोन वर्षं पुढे गेलं. मी पुन्हा मेट्रनच्या खोलीत जाऊन बसले. चूक माझी आहे, तिला मी तिथे ढकललं, असं सांगितलं. मेट्रननी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, “खरं आहे तुमचं. पण तक्त्यावर सही तुमची नाही.”

घरी मी तिच्यावरच उखडले. कुणाला कळणार होतं? माणूस वाचला ना? ती गणवेशाच्या खिशातल्या पिना काढून बशीत ठेवत होती.

“वहिनी, मला शहात्तर हवा होता. पंधरा सेकंदांत मिळाला, म्हणून मी थांबले. पुढे एका तक्त्यावर एकोणनव्वद लिहिताना लक्षात आलं, दादाच्या आकड्याला चाराने भाग जातो.”

खऱ्या नाडीलाही चाराने भाग जाऊ शकतो, हे मी तिला सांगणार होते. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. पण सांगण्याऐवजी मी पिनांची बशी तिच्या हातून घेतली. माफी मी मागितली ती चार दिवसांनी, तीही भाजी निवडताना, तिच्याकडे न बघता. ती म्हणाली, माझा हात हलला हे दादाला सांगू नका, डोक्यावर बसेल.

आता ती निवृत्त आहे आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकाच घरात राहतो. रोज सकाळी चहा झाला की ती माझं मनगट मागते. मी कुरकुरते, मग देते. मला मिनिटभर गप्प बसवणारी ती एकटीच उरली आहे. काल मधेच दाराची घंटा वाजली आणि मी उठायला लागले. तिने घड्याळावरची नजर काढली नाही.

“बसा हो वहिनी. अजून वीस सेकंद आहेत.”

मी बसले. दूधवाला थांबला.