चुकवायची गाडी

चारशे मीटर पळणाऱ्या पोरीला सांगायचं की बाई, ही गाडी तुला पकडायची नाही! मला सांगितलं होतं, आणि तिथंच माझं घोडं अडलं.

लातूरच्या कॉलेजात मी पाच वर्षं पळाले. विद्यापीठाच्या स्पर्धेत नांदेडला दोनदा पहिली आले. पुढं नांदेडलाच एका वेब सिरीजची ऑडिशन दिली आणि नायिकेच्या थोरल्या बहिणीचं काम मिळालं. त्याआधी दोन वर्षं नुसती किरकोळ कामं, कुठं वऱ्हाडीण तर कुठं नर्स.

देवणीत आमचं किराणा दुकान आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, कपाळाला विभूती लावून सकाळी शटर उघडणार ते रात्रीच बंद करणार. माझी एकही शर्यत त्यांनी बघितली नाही. सिनेमाचं माझं खूळ तर त्यांना अजिबात पटत नव्हतं. ‘बी.पी.एड. कर आन् शाळेत लाग,’ हा एकच धोशा. शूटिंग आमच्याच गावच्या स्टँडवर लागलं तेव्हा मात्र म्हणाले, ‘येतो. एकदा डोळ्यानं बघतो, मग काय ते ठरवतो.’ म्हणजे आज हसं झालं तर विषय संपला.

सीन साधा होता. आईला लातूरच्या दवाखान्यात नेलंय असं कळतं, मी धावत स्टँडवर येते आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून जाते. कॅमेऱ्यात मावावी म्हणून ड्रायव्हरकाका गाडी बेतानं काढत होते. पहिल्या वेळी मी दाराचा दांडा पकडला. दुसऱ्या वेळी तर फुटबोर्डवर चढलेच. कडेची माणसं खो खो हसली. गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडं अप्पा मान खाली घालून उभे होते.

तिसऱ्या वेळी मी मुद्दाम हळू पळाले, धापा टाकल्या, छातीवर हात ठेवला. पुण्याहून आलेले दिग्दर्शक जवळ आले. ‘ताई, तुम्हाला गाडी चुकवायचीच आहे, हे दिसतंय हो.’ मला असा राग आला म्हणून सांगू! त्यांचा नाही, माझाच. पाच वर्षांत मी एकदाही हातचं राखून पळाले नव्हते. हरले तेव्हासुद्धा जीव काढून पळाले आणि मग हरले.

मी तडक ड्रायव्हरकाकांकडं गेले. ‘काका, आरशात माझ्याकडं बघू नका. रोज काढता तशी गाडी काढा.’

‘पडशील की, बाई.’

‘पडले तर पडले.’

दिग्दर्शकांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, आणि होकाराची मान हलवली.

या वेळी मी खरंच पळाले. निम्म्या अंतरापर्यंत वाटलं, पकडतेच आता. मग गाडीनं वेग घेतला. पाय जड झाले, दार एक हात लांब गेलं, मग दोन हात. तरी मी थांबले नाही. आता आपलं सगळंच गेलं, असं वाटून मला रडू फुटलं. ते काही अभिनयाचं नव्हतं.

तेवढ्यात मागून आरोळी आली. ‘ए ड्रायव्हर, थांबव की! लेकरू पळायलंय, दिसंना का तुला?’

अप्पा दोरी ओलांडून धोतराचा सोगा हातात धरून पळत येत होते. काकांनी ब्रेक मारला. या वेळी कुणीही हसलं नाही. अप्पा माझ्यापाशी येऊन थांबले, बसकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि एकदम वरमले.

‘मला वाटलं, खरंच गेली तुझी गाडी,’ ते पुटपुटले.

दिग्दर्शक आले. फार नरमाईनं म्हणाले, ‘काका, आता होतं तसंच अजून एकदा घ्यावं लागेल. तुमच्याशिवाय.’

अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ‘घ्या की. दहादा घ्या. आता हिला हेच करायचंय.’ मग माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘मी मागं जाऊन बसतो. मला बघवत न्हाई.’

आणि ते खरंच स्टँडच्या मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.