आठ अंशांचे पेढे

आमच्या सुनेला, निशिगंधाला, एकमेकांना चिकटलेल्या दोन वस्तू दिसल्या की ती तापवून बघते. बगरू गावच्या ठशांची नवी चादर आली की आधी तिचा कोपरा गरम पाण्यात. रंग सुटला, चादर परत. आमच्या मुलाची, राजनची, बँकेची बदली जयपूरला झाली आणि तिनं इथंच पीएचडी धरली. तीही तापवण्याचीच.

रसायनानं थोडी बदललेली डीएनएची पट्टी आरएनएशी जुळवायची, यंत्रात हळूहळू तापवायची आणि दोघं कधी सुटतात ते बघायचं. साध्या पट्टीपेक्षा हिची जास्त टिकली, तर पुढं कधीतरी औषधाची आशा. आधीच सुटली, तर विषय बदला, असं गाईडनं बजावलं होतं.

मी म्हणालो, "म्हणजे आमच्यासारखंच. शालन किती तापली, पण मी सुटलो नाही."

"अण्णा, तुलनेला दुसरा नवरा लागेल," ती म्हणाली.

शालननं पोळी उलटली.

२००५च्या मे महिन्यात निशिगंधा चपलांसकट आत आली. "अण्णा, साध्यापेक्षा आठ अंश जास्त!"

मी जवाहर नगरात पेढे वाटले. शेजारच्या देवरामजींना आठ अंश समजावूनही सांगितले, मला कळले होते तेवढे.

दुसऱ्या दिवशी आमटी खारट. शालननं मीठ घातलेलं, सुनेनंही घातलेलं. निशिगंधाचा घास हातातच राहिला.

"आई, माझ्याकडूनही हेच झालंय. लॅबमधल्या अरुणनं द्रावणात मीठ आधीच घातलं होतं. माझ्या पट्टीला मी पुन्हा घातलं."

"मग बिघडलं काय?" मी विचारलं.

"मीठ वाढलं की पट्ट्या एकमेकींना जास्त घट्ट धरतात. आता जोडी पट्टीमुळं टिकली की मिठामुळं?"

राजन म्हणाला, "मतलब, गप्प बस ना. पेढे वाटून झालेत."

"पेढे परत घेता येत नाहीत. आकडा घेता येतो."

सकाळी तिनं गाईडला स्वतःहून सांगितलं, मी देवरामजींना. दोन्ही पट्ट्यांना सारखं मीठ घालून सगळं पुन्हा मांडलं. तेवढे दिवस आमच्याकडं आमटी अळणी होती. दोघीही समोरची घालेल म्हणून थांबायच्या.

शेवटी ती आली. या वेळी चपला काढून. "तीन अंश. पण पट्टीचेच. विषय राहिला."

मी पुन्हा पेढे घेऊन निघालो. देवरामजींनी पेढा उचलला, तोंडाशी नेला आणि थांबले.

"दादाजी, इस बार नमक बराबर था ना?"

मी हो म्हणालो. मगच त्यांनी तो खाल्ला.