दीडशे ग्रॅमचा घोळ

गल्लीत त्याला सगळे तोळामासा म्हणत. पोस्टात पार्सलच्या खिडकीत बसून सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची गाठोडी तोलली, तेव्हा हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. तो लांबून येताना दिसला की भाजीवाली आधी काटा पुसून घ्यायची. त्याच्या बायकोला मात्र या नावाचं हसू यायचं कधीच बंद झालं होतं. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. एकदा माप घेतलं की कात्री चालवायची, मग मागे बघायचं नाही, अशी तिची रीत. आणि नवऱ्याचं माप घेणं काही संपायचं नाही.

या खेपेचा घोळ सायकलच्या क्रँकचा होता. क्रँक म्हणजे पेडल ज्यांना लागतात त्या दोन दांड्या आणि त्यांच्या जोडीचं दातेरी चक्र. जुन्या चक्राचे दाते झिजून म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखे झाले होते. सपाटीला भागायचं, पण चढ लागला की साखळी सटकायची. तेव्हा नवा क्रँक घ्यायचा, इथवर एकमत झालं. अलॉयचा, म्हणजे मिश्रधातूचा, घ्यायचा की कार्बन फायबरचा, तिथे जे गाडं रुतलं ते तीन महिने हललं नाही.

सकाळी दात घासता घासता तो म्हणायचा, "कार्बनच घेतो. दीडशे ग्रॅम हलका पडतो."

संध्याकाळी पोस्टातून आला की, "पण कार्बनला ठोकर बसून आतून तडा गेला, तर वरून कळत नाही म्हणे. अलॉयवर निदान पोचा तरी दिसतो."

"मग अलॉय घ्या."

"अगं, पण दीडशे ग्रॅम!"

एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, माझ्याशी लग्न करताना एवढा विचार केला होतात का?"

"तेव्हा आकडे हाताशी नव्हते," तो म्हणाला, आणि अगदी खरं म्हणाला. त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

एरवी तिने कानाडोळा केला असता. पण रविवार तोंडावर आला होता. त्याचा थोरला भाऊ, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, सोमवारी हे गाव सोडून लेकीकडे कायमचा राहायला चालला होता, दोन दिवसांच्या प्रवासावर. दोघे भाऊ तीस वर्षं दरवर्षी एकदा सायकलने घाट चढून खिंडीपर्यंत जात. या रविवारची फेरी शेवटची. थोरल्याने आठवडाभर आधीच सायकलला तेलपाणी करून ठेवलं होतं आणि तो रोज फोन करून विचारत होता, "काय रे, झाला का तुझा अभ्यास?" सायकलचा मिस्त्री तर स्पष्टच बोलला होता, "साहेब, हे चक्र घेऊन घाटात जाऊ नका. तोंडावर आपटाल."

शनिवारी पोस्ट अर्धा दिवस. जेवण झाल्यावर तोळामासाच्या डोक्यात आलं की जुना क्रँक नेमका किती भरतो, तेच आपण बघितलेलं नाही. पेडल काढून, नुसता. ते कळल्याशिवाय दीडशे ग्रॅमला अर्थ काय? उजवं पेडल सुटलं. डावं काही केल्या सुटेना. त्याने पान्याला लांब लोखंडी नळी जोडली आणि उभा राहून सगळा भार घातला.

मशीनवर बसलेल्या बायकोला कर्र असा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. ते जास्त वाईट.

ती बाहेर आली तर पेडल त्याच्या हातात, आणि पेडलाला चिकटलेला चकचकीत धातूचा भुगा.

"सुटलं एकदाचं," तो म्हणाला, पण तोंड उतरलेलं.

तिने सायकल धरली आणि तशीच मिस्त्रीच्या दुकानात ढकलत नेली. मागून तो, हातात पेडल घेऊन.

मिस्त्रीने दांडीच्या भोकात बोट फिरवलं. "साहेब, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तुम्ही सोडवत नव्हता, आवळत होता. आटे साफ गेले. तीन महिने मला क्रँकवर व्याख्यानं दिलीत, आणि हे ठाऊक नाही?"

"त्याचं वजनाशी काही..."

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली. "भाऊ, उद्या पहाटेपर्यंत काय होईल?"

"अलॉयचा आहे, तासाभरात चढवतो. कार्बनचाही आहे, पण त्याचा मधला दांडा जाड. त्याला वेगळं बेअरिंग लागतं, ते मंगळवारी येईल."

तोळामासाने हनुवटी खाजवली. "मंगळवार... तसं बघितलं तर दादाला म्हणता येईल, दोन दिवस थांब..."

"भाऊजींचं सामान बांधून झालंय! घर रिकामं झालंय! ते काय सतरंजीवर झोपून तुमच्या बेअरिंगची वाट बघणार? भाऊ, अलॉयचा चढवा."

"वहिनी, साहेबांचा होकार?"

"तो यायला आणखी तीन महिने लागतील. तुम्ही पाना उचला."

मिस्त्रीने खोका फोडला.

"निदान बसवायच्या आधी एकदा काट्यावर..." तोळामासा पुटपुटला.

"नाही!" दोघं एकदम ओरडली.

रविवारी तो पहाटे गेला आणि उन्हं चढल्यावर परतला. चेहरा तांबडा, पायातले बूट मातीने भरलेले.

"चढली का नीट?"

"साखळी एकदाही सटकली नाही."

"मग एवढा उशीर?"

तो ओट्याला टेकला. "तिसऱ्या वळणावर दादाचा गुडघा धरला. तो उतरला. मग मीही उतरलो. तिथून खिंडीपर्यंत सायकली हातात धरून गेलो."

"चालत?"

"दोन तास."

"तीन महिने माझं डोकं खाल्लंत, होता तो क्रँक मोडलात, आणि शेवटी चालत गेलात?"

"सायकलवर दम लागतो, बोलता येत नाही ना. चालताना दादा बोलत होता. ट्रकवर एकटा असायचा, तेव्हाचं सगळं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं गं. तीस वर्षं मी नुसती त्याची पाठ बघत गेलो."

"हात-तोंड धुवा," ती म्हणाली. "ताट घेते."

तो न्हाणीत गेला. नळ सोडलेला ऐकू आला, आणि बराच वेळ तसाच वाहत राहिला. एरवी पाणी वाया जातंय म्हणून तिने इथूनच हाक मारली असती. आज तिने वाढलेल्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि ती थांबली.