मधुकरदादांचा काळा बंपर

एप्रिलमधला दुसरा रविवार. आम्ही मागितलेली किंमत अडीच लाख, गिऱ्हाइकाने लावलेली एक लाख सत्तर हजार. हजर चौघे : सुनंदावहिनी, त्यांची मुलगी प्राची, मी आणि पिकअप बघायला आलेला एक व्यापारी. जागा उत्तरेतल्या बख्शी का तालाब या गावातलं मधुकरदादांचं अंगण. दादांना जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते... रोपांना पाणी देता देता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत, हा प्राचीचा फोन मला इंदिरा नगरच्या बाजारात भाजी घेताना आला होता. व्यवहार मला बरा कळतो, म्हणून गाडी विकायचं काम वहिनींनी माझ्यावर सोपवलं होतं.

व्यापाऱ्याने गाडीला एक चक्कर मारली, पुढे उकिडवा बसला आणि काळ्या बंपरवर नखाने टकटक केली. "भाईसाहब, गाड़ी ठुकी हुई है." मी म्हटलं, नाही. "तो क्रोम वाला बंपर कहाँ गया? सही-सलामत चीज़ कोई शौक़ में बदलता है?" हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी मीही विचारला होता.

दादा भंडाऱ्याचे, मी नागपूरचा. हवाई दलातली नोकरी संपल्यावर ते इथेच राहिले, रोपांची नर्सरी काढली आणि रोपं पोचवायला ही पिकअप घेतली. रविवारी मी गेलो की ते बंपरसमोर स्टूल टाकून बसलेले असायचे, हातात फडकं. घासता घासता गप्पा. "परेडला बक्कल असं चमकलं नाही तं सार्जंट मैदानाला चकरा मारायला लावे," हे मी किती वेळा ऐकलं असेल. त्या बंपरमध्ये बघून ते मिश्या सारख्या करत. वहिनी आतून म्हणायच्या, "भाऊजी, विचारा त्यांना, माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं होतं?" बंपरच्या मधोमध 'जय भीम' अशी निळी अक्षरं चिकटवलेली होती. त्यांना धक्का लागू नये म्हणून तिथे दादा फडकं बोटाच्या टोकावर गुंडाळून कडेकडेने फिरवत.

आणि असा माणूस एका जानेवारीत क्रोम काढून काळा रंगवलेला बंपर लावून आला. "काहून बदललं, दादा?" "फॅशन गेली आता त्याची." बारा वर्षं एकच स्वेटर घालणाऱ्या माणसाच्या तोंडी फॅशन हा शब्द मला तेव्हाच खटकला होता. घराशेजारी त्यांचा नेहमीचा मिस्त्री, पण काम त्याच्याकडे केलेलं नव्हतं. आणि त्याच जानेवारीत, दाट धुक्यात, हायवेजवळ एका सायकलवाल्याला कुठल्याशा पिकअपने उडवलं होतं. माणूस गेला. गाडी सापडली नाही.

व्यापारी गेल्यावर वहिनींनी फाटक लावलं. "भाऊजी, पैसे कमी मिळाले तर मिळू द्या. पण तो धुक्यातला माणूस... यांच्या हातून तर नाही ना झालं? दोन वर्षं मला विचारायचा धीर झाला नाही." मी "छे" म्हणालो. मनात मात्र दिवस जुळवत होतो. अपघात मंगळवारी, नवा बंपर शनिवारी. दिवस जुळत होते, ह्याचीच भीती वाटली.

मग प्राची बोलली. "काका, पापा ने जानकीपुरम में बदलवाया था, मेरी कोचिंग के सामने, मुझे वहाँ छोड़ के. बोले थे, मम्मी को मत बताना." वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, "चल, दुकान दाखव."

डेंटिंग-पेंटिंगचं ते दुकान इरफान नावाच्या माणसाचं. त्याने आम्हाला बाहेर बसवलं, चहा सांगितला. मी आडून आडून विचारू लागलो तशी त्याची नजर बदलली. "आप बीमा वाले हैं? या थाने से?" माझा त्याच्यावर भरवसा नव्हता, त्याचा माझ्यावर नव्हता. शेवटी प्राचीच म्हणाली, "मेरे पापा थे. एयर फ़ोर्स वाले, नर्सरी वाले."

"थे?" त्याने ग्लास खाली ठेवला. "अरे... उनका तो कुछ नहीं ठुका था, बिटिया. बंपर तो यहीं है. आप लोग उसी पे बैठे हैं."

आम्ही दोघं एकदम उठलो. दोन टायरांवर आडवा टाकलेला बंपर. मी एका टोकाला बसून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकत पाहिला, उलटा करायला लावून मागूनही पाहिला. सरळ. कुठेही पोचा नाही, ठोकून काढल्याची खूण नाही. फक्त चमक नव्हती. क्रोमचा थर पार उडून खालचं लोखंड गंजलं होतं. "पीतल वाली पॉलिश से रगड़ते थे, बताइए! बकल समझ रखा था. पूरी परत चाट गए," इरफान म्हणाला. "कहने लगे, मोहल्ले के मिस्त्री को ख़बर न हो, वो बरसों से मना कर रहा है. और मैडम को तो बिल्कुल नहीं."

निळी अक्षरं कधीच निघून गेली होती. पण त्यांच्याखाली पॉलिश पोचलं नव्हतं. तेवढ्या जागी क्रोम शाबूत होतं... तांबूस गंजात 'जय भीम' लखलखत होतं. प्राचीने त्यावर बोट फिरवलं आणि प्रथमच माझ्याशी मराठीत बोलली, "काका, हे घरी न्यायचं."

टेम्पोतून उतरवून आम्ही बंपर अंगणात ठेवला, सगळं सांगितलं. वहिनी पायरीवर बसल्या. "एवढंच? एवढं सांगायला काय झालं होतं या माणसाला!" हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. मग पदराने त्या अक्षरांवरची धूळ पुसू लागल्या, तशी प्राची ओरडली, "मम्मी, रगड़ो मत!"

व्यापाऱ्याला मी पुन्हा बोलावलं, जुना बंपर दाखवला. त्याने दोन्ही टोकं तपासली, नाइलाजाने मान डोलावली. दोन लाख तीस हजार, सुनंदावहिनींच्या खात्यात, त्याच दिवशी. आणि इरफानचं म्हणणं होतं की बंपरचे पैसे नकोत, पण गिऱ्हाइकांना आता बसायला काही नाही. म्हणून नव्या बाकाचे नऊशे, इरफानच्या हातात, रोख. बाक इतक्याचं येतं की नाही, याची मी चौकशी केली नाही.